नऊ सळ्यांचा साकव

खूप खूप वर्षांपूर्वी, राजेसुद्धा पायी फिरत होते तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीकाठी मिठागरांचं गाव होतं. तिथे दोन भाऊ राहत, दोघेही गवंडी. आईबाप लवकर गेले, म्हणून थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं. थोरला कमी बोलायचा. धाकट्याला दम म्हणून नव्हता.

खाडीवरचा साकव, म्हणजे छोटा पूल, काही केल्या टिकत नसे. भाऊ चुना, वाळू आणि खडी कालवून तुळई ओतत, आत लोखंडी सळ्या घालत. पण खारं पाणी मुरलं की लोखंड गंजे, फुगे आणि तुळई फोडून बाहेर येई.

थोरल्याने डोकं लढवलं. अंबाडीचे धागे राळेत बुडवून, ताणून, वाळवून त्याने नव्या सळ्या केल्या. त्यांना गंज माहीत नव्हता. ओढून बघितलं तर लोखंड तुटे, या तुटत नसत.

साकव ओतायच्या दिवशी थोरल्याला ताप होता. अंथरुणातूनच तो म्हणाला, "नऊ सळ्या घाल."

"सहाने भागेल की, दादा. ही सळई लोखंडाहून बळकट आहे."

"भार सहाही पेलतील. पण नऊ असल्या, तर ओझं जास्त झाल्यावर आधी वरचा चुना चुरडतो, करकरतो. माणसाला पळायला वेळ मिळतो. कमी असल्या तर सळईच तुटते. ती तुटताना कुणाला हाक मारत नाही."

धाकट्याने मान डोलावली, पण सहाच घातल्या. नऊ बसवायच्या तर साचा पुन्हा रुंद करावा लागला असता, आणि त्याला संध्याकाळच्या आत काम उरकायचं होतं. उरलेल्या तीन त्याने माळ्यावर टाकल्या. दादा बरा झाला की सांगू, असं ठरवलं.

गावाची एक रीत होती. दरवर्षी मीठ निघालं, की ओहोटीला वीस हमाल भरल्या टोपल्या घेऊन साकवावर उभे राहत, आणि साकवाची हमी म्हणून मुख्य गवंडी तुळईखाली उभा राही.

पहिल्या वर्षी तुळई चार बोटं वाकली. हमाल हसले. एक म्हातारा वरून ओरडला, "गवंडीदादा, साकव बांधलास की पाळणा?" थोरला खाली उभा राहून हसत होता. हमाल उतरले आणि तुळई होती तशी सरळ झाली.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. लोखंडाची तुळई एकदा दमली की वाकलेलीच राहते, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. ही तर सरळ झाली, म्हणजे हिला काहीच झालं नाही, असं त्याला वाटलं. आता सांगायची गरजच काय?

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं.

तिसऱ्या वर्षी मीठ उदंड आलं. विसांच्या जागी तीस हमाल उभे राहणार होते. खाली उतरताना थोरल्याने सहज विचारलं, "नऊच घातल्यास ना रे?"

खरं धाकट्याच्या ओठांवर आलं होतं. पण एवढी माणसं ऐकत होती.

"हो दादा," तो म्हणाला.

थोरला निर्धास्त खाली गेला. वर एकेक करत तिसावा हमाल येऊन उभा राहिला. तुळई करकरली नाही. चुन्याचा कणही पडला नाही. एकच आवाज झाला, आणि साकव मधून तुटला.

हमाल चिखलात पडले म्हणून वाचले. थोरला तुळईखाली होता.

पुढे धाकट्याने साकव पुन्हा बांधला. माळ्यावरच्या तीन सळ्या त्यानेच खाली काढल्या, आणखी सहा केल्या, आणि गावादेखत एकेक मोजून साच्यात ठेवल्या. तो साकव पडला नाही. दरवर्षी ओहोटीला धाकटा त्याच्याखाली उभा राही. लोक म्हणत, किती धीराचा माणूस. त्याला मात्र एवढंच आठवे: त्या तीन सळ्या तीन वर्षं त्याच्याच डोक्यावर, माळ्यावर पडून होत्या, आणि दादाने विचारलं तेव्हा तो 'हो' म्हणाला होता.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: मुकाट्याने ओझं पेलणाऱ्याला गरजेहून थोडं जास्तच बळ द्यावं, कारण मोडण्याआधी तो सांगत नाही.