उंबरावरची ढोली

"कुणीतरी बिया बदलल्यात!" धनेश गरजला.

फार पूर्वीची गोष्ट. उंबराचा कारभारी निवडायला पाखरं ढोलीत बिया टाकत. यंदा धनेशासाठी चिंचोका होता, सुतारपक्ष्यासाठी गुंज. धनेशाच्या हट्टापायी सर्वांसमोर पुन्हा मोजणी झाली, तरी गुंजाच जास्त निघाल्या.

"गेल्या खेपेला जिंकलात, तेव्हा हीच ढोली बरी होती!" कावळा खिदळला.

इतक्या वर्षांची मानाची फांदी सुटणार, म्हणून धनेशाला भडभडून आलं. घरट्याचं तोंड चिखलानं लिंपायची त्याच्या जातीची सवय. चोचीत चिखल घेऊन तो मतांची ढोलीच बुजवू लागला.

तेवढ्यात एक साळुंकी जवळ येऊन बसली. "धनेशकाका, माझा चिंचोका तुम्हालाच होता. ढोली बुजवलीत, तर पुढच्या खेपेला तो टाकू कुठं?"