राजांचा तुरा आणि सराईचं बुटकं दार

"दार उंच करा!" राजे खंबीरराव सराईच्या उंबऱ्याबाहेरूनच गरजले. "दिवस मावळायच्या आत! नाहीतर या गोजराबाईनं बिऱ्हाड उचलून चालतं व्हावं!"

गोजराबाईनं जायचं तरी कुठं? घाटाखालची ही दगडी सराई ती एकटी सांभाळत होती, आणि दुसरं घर तिला नव्हतं. शिवाय दार काय तिनं बांधलं होतं? राजांच्याच आजोबांनी ते मुद्दाम बुटकं ठेवलेलं, दरोडेखोर घोड्यावरून आत घुसू नयेत म्हणून! शेजारच्या शिळेवर त्यांचा हुकूमही कोरलेला होता : 'राजाने दर साल एक रात्र येथे पाहुण्यांच्या दालनात काढावी. एकही चिरा हलवू नये.'

इतकी वर्षं राजे मुकाट्यानं वाकून आत जात. पण यंदा डोक्यावर हातभर तुऱ्याची नवी पगडी होती आणि सोबत आलेल्या जोशीबुवांनी बजावलं होतं, की उद्या सकाळपर्यंत मान वाकली तर राज्य गेलं! पगडी उतरली तरी गेलंच!

"महाराज, दारातली जमीन खणू या," प्रधानजी म्हणाले.

"म्हणजे राजानं खड्ड्यात उतरायचं?"

"मग आडवं निजवून चौघांनी उचलून नेऊ."

"असं कुणाला नेतात, ठाऊक आहे ना?"

प्रधानजींनी जीभ चावली. "मग जरासं रांगत..."

"प्रधानजी!"

तोवर सेवकांनी राजांचा मखमली बिछाना आत नेऊन अंथरलासुद्धा होता. गोजराबाईनं दाराकडे पाहिलं, तुऱ्याकडे पाहिलं. मग अंगणापलीकडच्या गोठ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"महाराज, घटकाभर चिंचेखाली टेका. चिरा हलणार नाही आणि मानही वाकणार नाही!"

मग अंगणात एकच धांदल उडाली. दावी सुटली, म्हशी रेकल्या, झाडू फिरला, सडा पडला. दिवस कलायच्या आत गोजराबाईनं गोठ्यात सतरंजी अंथरली, दारात रांगोळी काढली आणि राजांना बोलावलं. कडब्यानं भरलेली गाडी आत जावी एवढं ते दार! तुऱ्यासकट राजे ऐटीत आत शिरले. मग त्यांनी नाक वर केलं.

"बाई! हा तर गोठा!"

"छे, महाराज! गोठा तो तिकडं." तिनं बुटक्या दाराकडे बोट दाखवलं.

राजांनी वळून पाहिलं. पाहुण्यांच्या दालनात एक जाडजूड म्हैस डोळे मिटून रवंथ करीत बसली होती.

"अगं, माझ्या मखमली बिछान्यावर म्हैस!"

गोजराबाईची जीभ काही अडखळली नाही. "महाराज, गुरं बांधतात तो गोठा आणि पाहुणे उतरतात ते दालन. म्हशी तिथं आहेत, आपण इथं उतरलात. थोरल्या महाराजांनी चिरे हलवायला मनाई केली आहे, म्हशी हलवायला नाही! अन् त्या बिचाऱ्या वाकून आत गेल्या. त्यांना जोशीबुवांनी काहीच सांगितलं नव्हतं!"

राजांनी डोळे वटारले, मिशी पिळली... आणि खो खो हसत सुटले! हसता हसता पोट धरून असे वाकले, की पगडी थेट गव्हाणीत पडली. जोशीबुवांनी घाबरून डोळे मिटले. राज्य होतं तिथंच होतं!

"गोजराबाई," डोळे पुसत राजे म्हणाले, "ही सराई आजपासून तुझी, वंशपरंपरेनं! दार आहे तसंच राहू दे."

"आणि आपला बिछाना, महाराज?"

"तो आता म्हशीलाच विचारून बघ!"