चांगुणा आणि विणकराची नाडी

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराळ मुलखात एका नदीच्या काठी मोठी वैद्यशाळा होती. तिथं शिकायला दूरदूरची मुलं येत. त्यातच एक होती चांगुणा.

चांगुणा तिच्या वाडीत सगळ्यांत हुशार. तिला निरोप द्यायला अख्खी वाडी वेशीपर्यंत आली होती. आता आपल्याकडेही वैद्य होणार, असं जो तो म्हणत होता.

वैद्यशाळेत मात्र पहिल्याच दिवशी ती गोंधळली. बाकीची मुलं वैद्यांच्या घरची. वात, पित्त, कफ हे शब्द त्यांच्या कानांवर पाळण्यापासून पडलेले. आचार्य भराभर सांगत जात आणि मुलं माना डोलावत. चांगुणाला काही उमगत नसे. पण एकटीनं गप्प बसायची तिला लाज वाटे, म्हणून तीही मान डोलावी. आपल्याला इथं चुकून घेतलं, असं तिला वाटू लागलं. हे कुणाच्या लक्षात येऊ नये, एवढीच तिची धडपड होती.

पाठांतर तिचं चांगलं होतं. वाताची नाडी सापासारखी चालते, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. हे सगळं ती घडाघडा म्हणून दाखवी. आचार्यांनी तिचं कौतुक केलं, पण म्हटलेलं तिला कळलेलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मग एका उन्हाळ्यात वैद्यशाळेजवळच्या गावात तापाची साथ आली. आचार्य एकटे कुठं कुठं पुरणार? त्यांनी प्रत्येकाच्या हाती औषधांची पिशवी दिली आणि एकेका घरी धाडलं. चांगुणाच्या वाट्याला एका विणकराचं घर आलं.

विणकर अंथरुणात निपचित पडला होता. त्याच्या बायकोनं त्याचा हात पुढं केला. चांगुणानं मनगटावर बोटं टेकली आणि मनात सारे श्लोक म्हटले. बोटांखाली साप नव्हता, बेडूक नव्हता, हंसही नव्हता. नुसतं धडधडत होतं.

"काय म्हणते नाडी?" बायकोनं विचारलं.

पिशवीत तीन पुड्या होत्या. त्यातली एखादी अंदाजानं देता आली असती. चांगुणानं पुडीला हात लावला, विणकराच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागं घेतला.

"मला समजत नाही," ती म्हणाली. "ज्यांना समजतं त्यांना घेऊन येते."

"मग आलीस कशाला?" ती बाई रागानं म्हणाली.

चांगुणा धावत सुटली. आचार्य चौकात रोग्यांच्या गराड्यात होते, सोबतीची मुलंही आपापली घरं उरकून तिथं आली होती. सगळ्यांच्या देखत तिनं सांगितलं की आपल्याला नाडी कळत नाही, पहिल्या दिवसापासून कळलेली नाही.

आचार्य लगेच तिच्याबरोबर गेले. त्यांनी विणकराची नाडी पाहिली, औषध दिलं. उन्हं कलायच्या सुमारास त्याचा ताप उतरू लागला.

परतीच्या वाटेवर आचार्यांनी विचारलं, "मग इतके महिने मान का डोलावत होतीस?"

"सगळेच डोलावत होते."

आचार्य म्हणाले, "पोरी, बाकीच्या मुलांना हे घरूनच येतं. त्यांच्याकडे बघून मला काय कळणार? मी शिकवताना तुझ्याकडे बघत होतो. तुझी मान हलली, की वर्गाला समजलं असं धरून मी पुढं जात होतो."

दुसऱ्या दिवसापासून चांगुणा नव्यानं आलेल्या मुलांत बसली. जुने सोबती काही दिवस हसले. तिला ते लागलं, पण ती उठून गेली नाही. जिथं अडे तिथं विचारी, पुन्हा अडलं तर पुन्हा विचारी. तिच्यापायी आचार्यांचे धडे लांबत. एकदा एका वैद्याच्या मुलानं हळूच येऊन तिला सांगितलं, की बरं झालं तू विचारलंस, मलाही ते आलं नव्हतं.

सोबत्यांपेक्षा वर्षभर उशिरानं चांगुणा वैद्य झाली. डोंगरातली माणसं लांबलांबून तिच्याकडे येत. एखादं दुखणं तिला उमगलं नाही, तर ती तसं स्पष्ट सांगे आणि दुसऱ्या वैद्याकडे पाठवी. म्हणूनच ती ज्याला औषध देई, तो ते निर्धास्त घेई.

तात्पर्य: आपल्याला काय कळलं नाही ते सांगायला लाजू नये, शिकवणाऱ्याला नेमकं तेवढंच माहीत नसतं.