शेळवंडीचा चाख्या साहेब

फार वर्षं झाली ह्याला. तेव्हा शेळवंडीत उसाचा रस बैलांच्या चरकावर निघायचा आणि गावात डॉक्टर नव्हता, म्हणून माणसं पुष्कळ जगायची. त्या काळी तिकडं इंग्लंडात एका पाववाल्याच्या घरी एक पोर जन्मलं. असं म्हणतात, की जन्मल्यावर ते रडलंच नाही. त्यानं आधी सुईणीचं बोट चाटलं, मग पाळण्याची दांडी चाटली, आणि दांडी बेचव लागली तेव्हा कुठं भोकाड पसरलं. असलं पोर मोठं होऊन रसायनशास्त्रज्ञ नाही होणार तर काय होणार!

त्याचं नाव थर्लबी. शिकून सवरून तो आपल्याकडच्या एका कॉलेजात रसायन शिकवायला आला. माती दिसली की चाख, पाणी दिसलं की चाख, असा गावोगाव हिंडायचा. लोक त्याला चाख्या साहेब म्हणू लागले.

तो शेळवंडीत आला त्या हंगामात गावाचा गूळच धरत नव्हता. काहिलीत रस उकळून पाक करावा, थिजायला सपाट वाफ्यात ओतावा, आणि सकाळी बघावं तर ढेपेच्या जागी चिकट रबडी. गुऱ्हाळाचा गुळव्या होता सटूप्पा. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी झाली की काहील उतरवायची, हे काम त्याचं. तीस वर्षं त्याचा अंदाज चुकला नव्हता. पण केरबा पाटील चावडीवर म्हणाले, "सटूप्पाचा हात गेला. दुसरा गुळव्या आणा." हात गेला म्हटल्यावर गुळव्याला कोण विचारतो? आमटीत गूळ किती घालू, हे त्याची सूनसुद्धा विचारायची बंद झाली.

खरं तर सटूप्पाला रसच किंचित खारट लागला होता. ऊस पाटलांच्या नव्या विहिरीवर वाढलेला. पण पाटलांची विहीर खारट आहे हे पाटलांना सांगणार कोण? तो गप्प बसला.

गावानं साहेबाला बोलावलं. त्यानं सटूप्पाची गोळी बघितली आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "या गृहस्थांची पद्धत अंदाजाची आहे. उष्णता मोजली पाहिजे." आणि पिशवीतून एक काचेची नळी काढली. सटूप्पानं ढवळायचा दांडा खाली ठेवला आणि चिपाडांच्या ढिगावर जाऊन बसला. त्याचे डोळे भरून आले. बरं की गुऱ्हाळात धूर होता.

साहेबानं नळी बघून पाक उतरवला. सकाळी सगळं गाव जमलं. वाफ्यात रबडी, आणि रबडीत चारी पाय रोवून पाटलांचं मांजर उभं.

साहेबानं मांजराकडं बघितलं, हातातल्या नळीकडं बघितलं. मग त्यानं टोपी काढली, चिपाडांपाशी गेला आणि म्हणाला, "सटूप्पा, माझं चुकलं. दोष आपल्या हाताचा नव्हे. मी न तपासता बोललो."

असं म्हणतात, की चरकाचे बैल आपसूक थांबले. "आता जग बुडतंय गं बाई," एक म्हातारी म्हणाली. गोऱ्या साहेबानं चुकलं म्हणावं, हे कुणी सात पिढ्यांत ऐकलं नव्हतं. सटूप्पा तर हात जोडून उभाच राहिला. "सायेब, माझंबी चुकलंच की," तो म्हणाला. "रस खारा लागत हुता. म्या बोललो न्हाई."

साहेब निघाला तो थेट शिवारातच. एका सकाळीत त्यानं एकवीस विहिरी चाखल्या. त्याच्या पोटातलं पाणी डुचमळताना नदीपलीकडं ऐकू जात होतं म्हणे. एकविसावी विहीर पाटलांची. तिचं ओंजळभर पाणी तोंडात घेऊन साहेब थुंकला. "हेच ते. खारट."

"ग्वाड हाय की!" पाटील गरजले आणि दाखवायला म्हणून तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. वर आणखी एक तांब्या. "अमृत हाय, अमृत!" मग इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "कुणी जरा प्यायला पाणी द्या रं."

गाव हसून लोळलं. शेवटी पाटलांनाही हसू फुटलं. "चुकलं बाबा," ते म्हणाले. "सटूप्पा, उचल तुझा दांडा." नदीच्या पाण्यावरचा ऊस आणला, सटूप्पानं गोळी बघितली, आणि दुसऱ्या दिवशी ढेप अशी कडक, की फोडायला लोहाराचा घण आणावा लागला. त्या रात्री सुनेनं सटूप्पाला विचारलं, "मामंजी, आमटीत गूळ किती घालू?" सटूप्पा जेवताना रडला, आणि तेव्हा धूरही नव्हता.

पुढं साहेब मायदेशी गेला आणि मोठ्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला. असं म्हणतात, की पहिल्याच दिवशी लांब झगा घालून तो उभा राहिला आणि आपल्या चुकांची यादी त्यानं पोरांना वाचून दाखवली. मग प्राध्यापकांकडं वळून म्हणाला, "आता आपण." तीन प्राध्यापक जागच्या जागी आजारी पडले, एक काशीला निघून गेला. तिकडची काशी कुठं असते ते आपल्याला ठाऊक नाही.

शेळवंडीत मात्र साहेबाच्या नावानं एक रीत अजून चालते. हंगामाच्या पहिल्या दिवशी काहील रसानं भरतात, पण चूल पेटवत नाहीत. आधी गावातला सगळ्यांत मानाचा माणूस गुळव्यासमोर टोपी काढून उभा राहतो आणि वर्षातली आपली एक चूक मोठ्यानं सांगतो. खरी सांगितली तर गूळ धरतो.

गेल्या साली सरपंच म्हणाले, "यंदा माझं कायबी चुकलेलं न्हाई." गुळव्या काडेपेटी मांडीखाली घालून बसून राहिला. दुपार झाली. रस आंबायला आला. शेवटी गर्दीतून सरपंचांची बायको पुढं आली आणि म्हणाली, "मी सांगू का?"

सरपंचांनी टोपी काढली.