रांजणातलं पाणी

"गोळीवर प्रार्थना करता, बाबा?"

तीमथ्य ओहोळ बाबांनी मिटलेले डोळे उघडले. तळहातावरची रक्तदाबाची गोळी तोंडात टाकली आणि वर घोटभर पाणी प्यायले.

"मघाशी भाकरीवर केली, तेव्हा काही बोलला नाहीस."

"भाकरी देव देतो."

"देतोच. पण थापली शेजारच्या मार्थाबाईनं. तिला जाऊन सांगू का, यात तुझं काही नाही म्हणून?"

विचारणारा होता प्रबोध मकासरे. बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता शहरातल्या एका मोठ्या चर्चच्या मंडळीचा पाळक. आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचावा. हे त्यालाही ठाऊक होतं.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. नगरकडच्या त्या गावात त्या संध्याकाळी, प्रभूनं शिष्यांचे धुतले होते तसे, पाळक मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचे पाय धुतो. गावचे पाळक बाबाच, पण यंदा त्यांचे गुडघे आखडले होते, म्हणून त्यांनी प्रबोधला बोलावलं होतं. तो फाट्यावर बसमधून उतरून शेतातल्या वाटेनं भर उन्हात चालत आला होता.

"मी साखरेच्या आजारावरच्या गोळ्या सोडल्या," प्रबोध म्हणाला. "नाताळच्या सभेत साक्ष दिली, की प्रभूनं मला बरं केलं. सगळा मांडव टाळ्या वाजवत उभा राहिला, बाबा."

"तपासून घेतलंस?"

"तपासायचं म्हणजे शंका घेणं."

"हं..."

बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते फरशीकडे बघत होते. उंबऱ्यापासून प्रबोधच्या खुर्चीपर्यंत फरशीवर लाल ठिपके पडले होते.

"चल, तुझे पाय धुतो."

"उपासना संध्याकाळी आहे."

"जो दुसऱ्यांचे धुणार, त्याचे आधी धुवायचे. आमच्याकडची रीत आहे."

"मी इथंच वाढलो, बाबा. अशी रीत कधी ऐकली नाही."

"आजच सुरू झाली."

प्रबोधनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत."

"असं म्हणणारा तू पहिला नाहीस. प्रभूलाही एक शिष्य हेच म्हणाला होता."

ते वचन पाळकाला पाठ होतं. त्यानं पाय पुढे केले.

कोपऱ्यात ओल्या वाळूत पुरलेला रांजण होता. त्यातलं पाणी बाबांनी घंगाळात काढलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि भिंतीला धरून खाली बसले. बसायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी प्रबोधचा उजवा पाय पाण्यात घेतला.

"पाणी कसं आहे?"

प्रबोधनं जरा अंदाज घेतला. बाहेर ऊन रणरणत होतं.

"कोमट आहे."

बाबांची बोटं त्या पाण्यात गारठली होती.

गप्प बसणं प्रबोधच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या महिन्यातल्या सभेबद्दल तो सांगू लागला. किती गावांची माणसं येणार, कोण गाणार, आपण कशावर बोलणार. बाबांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, तळवा उजेडाकडे वळवला, चिमटीत काहीतरी धरलं आणि ओढलं.

प्रबोध बोलतच होता.

बाबांनी हात त्याच्यापुढे धरला. मघाशी जिथं गोळी होती, तिथं आता बाभळीचा काटा होता. बोटाच्या पेराएवढा.

"हा कुठला?"

"तुझ्या पायातला."

प्रबोधनं वाकून तळवा बघितला.

"दुखलं नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून... पाय माझा वाटतच नाही, बाबा. जमिनीवर टेकला की नाही, ते खाली बघितल्यावर कळतं."

"म्हणजे साक्ष दिलीस तेव्हा हे ठाऊक होतं."

प्रबोध काट्याकडे बघत राहिला. पुढचं बोलला ते शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नसतं.

"माझ्या वडिलांचा पाय गुडघ्यापासून कापला होता. तुम्हीच दवाखान्यात प्रार्थनेला आला होतात. मला भीती वाटते, बाबा. डॉक्टरकडे गेलो तर तेच सांगतील..."

"मग ते देवाला सांगायचं. मी भ्यालोय म्हणून सांगायचं. बरा झालो, असं लोकांना कशाला सांगितलंस?"

"आता माघार घेतली तर लोकांचा विश्वास डळमळेल."

"कुणावरचा?"

प्रबोधचे डोळे भरून आले. मांडव उभा राहिला होता तेव्हाही आले होते, पण ते पाणी वेगळं होतं.

बाबांनी टॉवेलची स्वच्छ पट्टी फाडून तळव्याला बांधली. मग भिंतीला धरून उठले आणि मार्थाबाईला हाक मारून रिक्षा बोलवायला सांगितली.

"आणि उपासना?" प्रबोधनं विचारलं.

"मंडळी थांबेल. पाय थांबायचा नाही."

त्या संध्याकाळी दोघं दवाखान्यातून परतल्यावर उपासना फार उशिरा सुरू झाली. वडीलधाऱ्यांचं काही अडलं नाही. पाळकानं धुवायच्या आधी पाय घरून घासूनपुसून यायची त्यांची जुनी सवय आहे.

ईस्टरच्या रविवारी प्रबोध पायाला पट्टी बांधून आपल्या मंडळीपुढे उभा राहिला. मी बरा झालेलो नाही, तो म्हणाला. भीतीपोटी बोललो होतो. आता गोळ्या घेतोय, जखम रोज धुतोय, आणि त्यासाठी देवाचे आभार मानतोय. एवढं सांगून तो खाली बसला. कुणी हालेलूया म्हटलं नाही. काही जण तर नाराज होऊन उठून गेले. पण उपासना सुटल्यावर एक म्हातारी दारात त्याच्यासाठी थांबली होती.

"पाळकसाहेब, तुमच्या डॉक्टरचा दवाखाना कुठं हाय? तुमचं ऐकून म्या पण गोळ्या सोडल्या व्हत्या."

प्रबोध सोमवारी स्वतः तिला घेऊन गेला.

पुढच्या वर्षी त्याच गुरुवारी तो पुन्हा गावात आला. पायात जाड तळाचे बूट होते, अंगानं उतरला होता आणि आवाजही जरा उतरला होता. जखम भरायला पावसाळा संपावा लागला, पण पाय शाबूत होता. बधिरपणाबद्दल डॉक्टरांनी कसलीच हमी दिली नव्हती. जाणीव आली तर हळूहळू येईल, नाही आली तर रोज डोळ्यांनी तळवा तपासायचा, एवढंच ते म्हणाले होते. तो रोज तपासत होता. सकाळच्या प्रार्थनेआधी, खाली वाकून.

न सांगताच त्यानं बूट-मोजे काढले आणि पाय घंगाळात ठेवले.

बाबा आता स्टुलावर बसले होते. त्यांनी रांजणातून तांब्या भरून घेतला.

"पाणी कसं आहे?"

"अजून ओतलं नाहीत, बाबा."

"मग डोळे मीट."

प्रबोधनं डोळे मिटले. बाबांनी उजव्या पायावर धार धरली. पाणी बोटांवरून गेलं, घोट्यावरून गेलं, तळव्याखाली साचलं...

तांब्या रिकामा झाला, तेव्हा बाबांनी दुसरा भरून ओतला.

"गार," प्रबोध हळूच म्हणाला. "बोटांना नाही कळत... पण टाचेला, बाबा. टाचेला गार लागतंय."

बाबांनी तांब्या खाली ठेवला.

"आमेन."