दिसाचं ट्रॅक्शन

“...आणि डोळे मिटले की लेकच दिसते, बुवा. मग नाम घ्यायचं कधी?”

गेनूबुवा तालुक्याच्या दवाखान्यात खाटेवर आडवे होते. शेळीमागे धावताना मांडीचं हाड मोडलेलं. पायाला दोरी, ती खाटेच्या टोकाला चाकावरून खाली सोडलेली, आणि तिला विटांची पिशवी लोंबत होती. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन म्हणत.

विचारणारा हेरंब पुण्याचा प्राध्यापक. घर सोडून बुवांच्या मठीत राहायला आला होता. शिकवणं सुटलं, पण शिकवायची खोड काही सुटली नव्हती. लहानगी लेक सई रोज फोन करी आणि त्याचा दिवस नासे. बुवांनी हो म्हटलं की तो फोनही विहिरीत टाकणार होता. घराशी तेवढाच धागा उरलेला.

“याला इंग्रजीत डिस्ट्रॅक्शन म्हणतात,” त्याने सांगून टाकलं.

“दिस-ट्रॅक्शन?” बुवांचे डोळे चमकले. “म्हंजे नुसतं दिसाचं? नशीबवान हायेस गड्या. माझं तर रातीलाबी सोडत न्हाईत.”

हेरंबला हसू आलं नाही.

“माझंही रात्री सुटत नाही, बुवा.”

बुवांनी उशीवरूनच मान त्याच्याकडे वळवली.

“लई वढतंय?”

“जीव कासावीस होतो.”

“मंग तोड की.”

“तेच विचारतोय ना! तोडायचं कसं?”

बुवांनी उशाजवळची फळं कापायची सुरी त्याच्या हातात दिली आणि आपल्या पायाच्या दोरीकडे बोट केलं.

“आदी ही तोड. हात बसंल.”

हेरंब खाटेपासून मागेच सरला.

“भलतंच काय बुवा! ही तोडली तर हाड सरकेल. वाकडं जुळेल. जन्माचे अधू व्हाल!”

“पर वढतंय ना.”

“अहो, ओढतंय म्हणूनच तर...”

त्याची नजर दोरीवरून हातातल्या सुरीवर आली.

बुवा त्याच्याकडे बघत होते.

हेरंबने सुरी खाली ठेवली. खिशातून फोन काढला आणि आपणहून लावला.

“सई?... हो गं, मीच... नाही, रागावलो नाही. येतोय. आजच निघतो.”

बोलता बोलता तो रडायला लागला, भर वॉर्डात, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट छातीवरची धोंड उतरल्यासारखं हलकं वाटलं. कित्येक दिवसांत असा मोकळा श्वास त्याने घेतला नव्हता.

डोळे पुसून त्याने बुवांच्या धडधाकट पायावर डोकं टेकलं.

“निघतो, बुवा. जाता जाता तुमच्यासाठी काही करू का?”

बुवांनी डोळे मिटून घेतले...

“येक वीट वाढव.”