सातवं घर

फार जुनी गोष्ट आहे. एका गावात एक गल्ली होती. गल्लीत घरं नऊ आणि त्या नऊ घरांत मिळून मांजर एक. माणसं तशी भली होती. एकमेकांकडे विरजण मागायला जायची, आजारपणात विचारपूस करायची.

त्या गल्लीत एक समजूत होती. मांजर आपली पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवते आणि सातव्या घरी त्यांचे डोळे उघडतात. आजीने आईला सांगितलेलं, आईने लेकीला. कोणी कधी घरं मोजून पाहिली नव्हती, पण शंकाही कोणी काढली नव्हती.

त्या वर्षी मांजर सोनाराच्या माळ्यावर व्याली. तीन पिल्लं झाली, दोन करडी आणि एक भुरं. सहाव्या दिवशी सोनारीण माळ्यावर चढली, तर भुऱ्या पिल्लाच्या मिटलेल्या पापण्या फुगलेल्या. कोपऱ्यात पिवळा पू सुकलेला.

"अगं बाई, काय झालं गं याला!" सोनारीण हळहळली. मग तिला आठवलं. "पण आपलं तर पहिलंच घर. सातव्या घरी उघडतील आपोआप." तिने मांजरीसाठी वाटीभर दूध ठेवलं आणि ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी मांजरीने पिल्लं पंतोजींच्या फडताळात नेली. पंतोजी हिशोबाला पक्के. त्यांनी बोटांवर मोजलं आणि बायकोला सांगितलं, "हे दुसरं घर. सातातून दोन गेले, उरले पाच. अजून पुष्कळ अवकाश आहे." गणित अगदी बरोबर होतं. पिल्लाच्या डोळ्यातला पू त्या गणितात कुठे बसत नव्हता, म्हणून पंतोजींनी तो धरला नाही.

तिसरं घर वैद्यांचं. हे डोळ्यांचे मोठे जाणकार. लांबलांबच्या गावांहून माणसं त्यांच्याकडे यायची. त्यांच्या बायकोने औषधाच्या बरण्यांमागे पिल्लं पाहिली आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, याचे डोळे बघा हो जरा."

वैद्यांनी वाकून पाहिलं. "धुवायला हवेत. पाणी उकळून कोमट करायचं, मऊ फडकं बुडवायचं, पापणी भिजू द्यायची. नखाने ओढायची नाही. दिवसातून पाच-सहा वेळा. नाहीतर पू आत साठतो आणि डोळा जातो."

"मग पाणी ठेवू का?"

"आपण कशाला मध्येच हात घालायचा? आपलं तिसरं घर. मांजर उद्या-परवा हलेल इथून. ज्यांच्याकडे शेवटी राहील, ते बघतील."

बायकोने हातातलं पातेलं पुन्हा फळीवर ठेवलं. पिल्लं तिथे दोन दिवस राहिली.

चौथं घर शिंपिणीचं होतं. ही एकटीच राहायची आणि गावाच्या गोधड्या शिवायची. मांजरीने पिल्लं तिच्या चिंध्यांच्या ढिगात आणून ठेवली. दुसऱ्या सकाळी तिने एक करडं पिल्लू उचललं आणि पाचव्या घरी नेलं. परत येऊन दुसरं करडं नेलं. भुऱ्यासाठी मात्र ती आली नाही.

शिंपीण उन्हं डोक्यावर येईपर्यंत वाट पाहत बसली. पिल्लू ओरडून ओरडून दमलं. शेवटी तिने त्याला ओंजळीत घेतलं आणि पाचव्या घरी जाऊन मांजरीजवळ ठेवलं. मांजरीने त्याला हुंगलं, पंजाने बाजूला सारलं आणि ती करड्या पिल्लांकडे वळली. असं दोनदा झालं. शिंपीण पिल्लू घेऊन घरी परत आली.

एव्हाना दारात माणसं जमली होती. "काजळ घाल थोडं," सोनारीण म्हणाली. "आपण लेकरांना घालतो तसं."

पंतोजी म्हणाले, "शिंपीणबाई, तुमचं तर चौथं घर. अजून तीन राहिलीत. एवढी घाई कशाला करता?"

"गुरुजी, घरं मांजर फिरवत होती. ती तर याला टाकून गेली," शिंपीण म्हणाली. "आता याला पुढच्या घरी नेणार कोण? ज्या घरातून पुढं नेणारं कोणी उरलं नाही, तेच याचं सातवं घर."

पंतोजींनी बोटांवर मोजायला हात वर केला होता, तो तसाच खाली घेतला.

शिंपीण तडक वैद्यांकडे गेली. वैद्य खलात मुळ्या कुटत होते. त्यांनी बसल्या जागेवरूनच, कुठलं पिल्लू तेही न विचारता, सगळं नीट सांगितलं, अगदी फडकं किती पिळायचं इथपर्यंत. विद्या सांगायला ते कधीच कंजूष नव्हते.

त्या दिवसापासून शिंपिणीच्या चुलीवर पाणी उकळू लागलं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या एका धोतराचे तिने तुकडे केले. पहाटे, सकाळी, दुपारी, उन्हं कलताना, दिवेलागणीला ती पापण्या भिजवायची आणि सुटलेला पू टिपायची. प्रत्येक वेळी नवा तुकडा. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजायची. मांजर पिल्लाला चाटते तसं ओल्या फडक्याने त्याचं पोट पुसायची. बाकी वेळ पिल्लू तिच्या पदरात, उबेला.

तिच्याकडे तेव्हा पाटलांच्या घरच्या लग्नाच्या गोधड्या होत्या. हात सारखा पाण्यात, मग टाके कधी घालणार? चौथ्या दिवशी पाटलीणबाई येऊन कापडाचं गाठोडं उचलून घेऊन गेल्या. शिंपिणीला फार वाईट वाटलं. जन्मात तिचं काम कधी मागे पडलं नव्हतं. ती थोडा वेळ भिंतीला टेकून बसली आणि पाणी कोमट झालंय का ते पाहायला उठली.

दुसऱ्याच दिवशी उजव्या पापणीला फट पडली. पू वाहून गेला आणि आतून निळसर करडा डोळा दिसला. त्याच्या पुढच्या दिवशी डावी पापणीही सुटली. पण तिच्याखाली शिजलेल्या भातासारखं पांढरं होतं. शिंपीण ते बघत राहिली, आणि मग तिला रडू आवरेना.

आठवड्याने तिने पिल्लू वैद्यांकडे नेलं. वैद्यांनी त्याला ओसरीवर उजेडात धरलं. उजवीकडून बोट नेलं तशी पिल्लाची नजर बोटामागे फिरली. डावीकडून नेलं तर पिल्लू नुसतंच बसून राहिलं.

"बाई, तुझ्या हाताला तोड नाही," वैद्य म्हणाले. "हा डोळा तू मरणाच्या दारातून आणलास. दुसरा मात्र गेला. त्यात तुझी चूक नाही, तुझ्याकडे आला तेव्हाच उशीर झाला होता. आधीच्या दोन दिवसांत कोणी नुसत्या कोमट पाण्याने धुतला असता, तरी राहिला असता."

त्यांनी मान हलवली. त्यांना खरंच चीड आली होती. "काय माणसं असतात! तुझ्याआधी हे होतं तरी कोणाकडे?"

शिंपिणीने मान खाली घातली.

वैद्यांची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"आपल्याकडे होतं," ती म्हणाली.

वैद्यांनी पिल्लाकडे पाहिलं. पिल्लू त्यांच्याच तळहातावर होतं, आणि त्यांचा चेहरा त्याला दिसत होता तो फक्त एका डोळ्याने.

बऱ्याच वेळाने ते उठले. स्वयंपाकघरात गेले, फळीवरचं पातेलं काढलं, पाणी भरलं आणि स्वतः चुलीपुढे फुंकर घालत बसले. पाणी कोमट झाल्यावर त्यांनी पिल्लाचे दोन्ही डोळे पुसले, दिसणारा आणि न दिसणाराही.

तेव्हापासून गल्लीतल्या लोकांनी घरं मोजायचं सोडलं, असं काही मी म्हणणार नाही. माणसं मोजतातच. पण वैद्यांसमोर सात घरांची गोष्ट कोणी काढली, की ते उठून आत जायचे.

तात्पर्य: दुखणं ज्याच्या दाराशी येतं, त्याचंच घर शेवटचं. 'पुढचे बघतील' म्हणून आपण गमावलेला वेळ पुढच्यांना कितीही माया केली तरी परत आणता येत नाही.